दोन गाठींची बाटली

वन्सं,

तुमचा निरोप फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याकडून पोचला. सातवा लागला, पाय सुजतात, डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलंय, सगळं कळलं. माळ्यावरचं तेल थोडं पाठव म्हणालात, तेही कळलं. तुमचे दादा म्हणाले, "दे की एक बाटली. आमच्या बापानेच काढलेलं आहे." बरोबरच आहे. तुमचा हक्क माझ्याआधीचा. पण मी बाटली पाठवत नाही. का, ते लिहिते. समोर बसून सांगायला लागले तर मधेच गप्प होईन. माझं अक्षर बरं आहे, एवढं एक शाळेने दिलं.

यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे. मला तेव्हा नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाळी चार महिन्यांची होती आणि वजन भरत नव्हतं. आरोग्य केंद्रात सिस्टर काट्याला झोळी टांगून वजन करतात. इतर बायकांची पोरं त्या झोळीत गच्च बसायची, आमची तळाशी पडून राहायची, बाजारात पिशवीत एकच वांगं घेतल्यासारखी. कार्डावरची तिची सगळी टिंबं लाल पट्ट्यात. छातीत घरघर. सिस्टरने एकदा शिकवलं होतं, मिनिटाला श्वास मोज, पन्नासच्या वर गेले तर घेऊन ये. मला तो नादच लागला. घड्याळ समोर ठेवून मोजायचे. भांडी घासताना मोजायचे. ती माझ्याजवळ नसली तरी मोजायचे. दूध जेमतेम होतं. ती ओढायची, दमायची, तोंड फिरवून रडायची. मला रडू येत नव्हतं. डोक्यात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. कुणी काही बोललं की ते पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचं.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावर जा. पत्र्याच्या पेटीमागे दोन बाटल्या आहेत. जपून आण, सांडल्यास तर वास तुझ्या नातवंडांपर्यंत जायचा नाही."

मी शिडी लावली आणि बाटल्या काढून आणल्या. एवढंच काम होतं.

दोन्ही बाटल्या सारख्या, हिरव्या काचेच्या, धुळीने भरलेल्या. दोन्हींच्या गळ्याला कातड्याची वादी बांधलेली. एकीच्या वादीला एक गाठ, दुसरीच्या वादीला दोन.

"एक गाठ पिल्लाची, दोन गाठी आईची," सासूबाई म्हणाल्या. "आईचं तेल लेकराच्या छातीला चोळायचं, घरघर जाते. पिल्लाचं तेल तू लाव, पान्हा फुटेल. उलटं करायचं नाही."

"का?"

"का ते शाळेत विचारायचं. इथे गाठी बघायच्या."

मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा जेट्टीवरचा बोर्ड त्यांना वाचून दाखवला होता. समुद्रगाय धरणे, मारणे, तिचे मांस, तेल, कातडे बाळगणे गुन्हा आहे. खाली चित्रही होतं. सासूबाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाक चुकलंय." तेव्हा मला हसू आलं होतं.

बाटल्या माळ्यावरून खाली आल्या तशी त्या दिवशी त्या बोलायला लागल्या. या दोन बाटल्या म्हणजे मामंजींनी धरलेली शेवटची मायलेकरांची जोडी. त्यानंतर बोर्ड लागला आणि तसंही पाण्यात कुणी उरलं नव्हतं. कसं धरायचे तेही सांगितलं. आईच्या मागे होडी घेऊन जायचंच नाही. जाळ्यात पिल्लू आलं की ते आणून मागच्या पायऱ्यांखालच्या खुंटाला बांधायचं. बस, काम झालं.

"ती आपणहून येते," सासूबाई म्हणाल्या. "हाकलली तरी जात नाही. पहिल्या भरतीला लांब होती. दुसरीला खुंटापाशी. तिसरीला पोटावर सरपटत पायऱ्या चढली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, बाईमाणसासारखं. आम्ही कापसाने टिपून ठेवलं. तो कापूस नवऱ्याच्या उशीत घातला की नवरा घर सोडून भटकत नाही म्हणतात."

"घातलात तुम्ही?"

"घातला तर. तरी गेलाच मेला. सर्दी झाली असेल, वास आला नसेल."

तुम्ही तेव्हा चार वर्षांच्या होतात म्हणे, खिडकीत बसून बघत होतात. खिडकी तीच आहे. खुंटही तोच आहे. ओहोटीला चिखलात उघडा पडतो.

आता माझी चूक सांगते.

बाटल्या मला घाण वाटल्या. एकीत तर तळाशी पतंग मरून पडला होता. सिस्टर मागेच ओरडली होती, बाळाच्या अंगाला कसलंही जुनं-पानं लावू नका म्हणून. मी खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या पाण्यात उकळून घेतल्या. तेल धुवट कपड्यातून गाळलं. जुन्या बाटल्या, वाद्या, पतंग, सगळं कचऱ्यात टाकलं. नव्या बाटल्या खिडकीत ठेवल्या, डावीकडे आई, उजवीकडे पिल्लू. कागदाच्या पट्ट्या कापल्या, सुबक अक्षरात लिहिल्या. चिकटवणार एवढ्यात आत बाळीला ठसका लागला. मी धावले. छाती चोळली, पाठ थोपटली. परत आले तर सासूबाई खिडकी पुसत होत्या. बाटल्या खाली जमिनीवर, एकमेकींना चिकटून.

मी विचारलं, "डावीकडची कोणती होती?"

"मला काय माहीत? गाठी बघ की."

गाठी कचऱ्यात होत्या आणि कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. त्यांनी कपाळावर हात मारला नाही की शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सातवी शिकलीस आणि दोनपर्यंत मोजता आलं नाही."

मी अंदाजाने पट्ट्या चिकटवल्या. दोन्हींचा रंग एक, वास एक. कापलेल्या ओल्या गवताचा आणि गंजक्या खिळ्याचा.

त्या दिवसापासून रोज दुपारी दार लावून घ्यायचं, पट्टी वाचायची, एका बाटलीतलं तिच्या छातीला, दुसरीतलं मला. चार दिवसांत तिची घरघर गेली. श्वास बावन्नवरून तिसावर आले. मलाही पान्हा फुटला. इतका की ब्लाऊज भिजायचा. मला वाटलं, अंदाज बरोबर निघाला.

पाचव्या दिवसापासून बाळी माझं दूध घेईना. तोंडाशी नेलं की वास घेऊन मान फिरवायची. रडायची नाही, तेच मला बरं नव्हतं वाटत. भूक लागलेलं मूल रडतं. ही पोट भरलेल्यासारखी माझ्याकडे बघत राहायची. एक दिवस गेला, दोन गेले. बाटलीचं दूध थुंकून टाकलं. तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन केंद्रात गेले. सिस्टरने झोळी टांगली, काटा बघितला, पुन्हा बघितला.

"सव्वादोनशे ग्रॅम वाढली! एका आठवड्यात. काय गं, काय खातेस तू? छान पाजतेस."

मी हो म्हणाले.

घरी आले ती भरतीची वेळ होती. बाळीला पाळण्यात घातलं आणि पुढच्या अंगणात कपडे वाळत टाकायला गेले. फार तर दहा मिनिटं. परत आले तर पाळण्यातलं दुपटं ओलं. शू केली असेल म्हणून हात लावला, तर ते गार होतं. मागच्या दारापासून पाळण्यापर्यंत फरशी ओली होती. पावलं नव्हती, थेंब नव्हते. भिजलेलं गोणपाट ओढत नेल्यासारखा रुंद पट्टा होता. बाळीच्या ओठांच्या कडेला पिवळसर काही लागलं होतं. बोटावर घेऊन चाखलं. खारट आणि लोण्यासारखं दाट.

फडकं आणून मी फरशी पुसली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरती तीन वाजताची होती. आभाळ भरून आलेलं, वीज गेलेली, खोलीत भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार. सासूबाई पुढच्या खोलीत घोरत होत्या. मी मागच्या दाराला कडी घातली आणि पाळण्यासमोर भिंतीला टेकून बसले. हातात शिवण घेतलं होतं. पाण्याचा आवाज एकेक पायरी चढत होता. मग तो थांबला.

दाराबाहेर कुणीतरी श्वास सोडला.

फुस्स... लांब, ओला. पंपातून हवा जावी तसा. मग काही नाही. मी सवयीने घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद झाले. पुन्हा फुस्स... आणि या वेळी तो दाराच्या आतल्या बाजूला होता.

दार लागलेलंच होतं. कडी घातलेली होती. मी कडीकडेच बघत होते. गवताचा वास इतका दाटला की डोळे चुरचुरले. पाळणा हलला नाही. पण त्याचे दोर ताणले गेले. वरच्या आढ्यातून करकर आवाज आला आणि पाळणा वीतभर खाली आला, मोठं माणूस कडेला रेलून बसावं तसा. आणि मग मला ऐकू आलं. चुक्, चुक्, चुक्. बाळी पीत होती. घोट गिळताना तिच्या घशातून समाधानाचा आवाज येत होता. माझ्याजवळ असताना तो कधी आला नव्हता.

मला किंचाळायला हवं होतं. निदान उठायला हवं होतं. मी बसून तिचे घोट मोजले. दोनशे दहा.

पाळणा वर गेला. फरशी ओली झाली होती.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाळीची टाळू हुंगली.

"पिल्लाचं लावलंस तू हिला."

"मग?"

"मग काय. आईच्या अंगाला लेकराचा वास असतोच, त्याचं काही नाही. लेकराच्या अंगाला पिल्लाचा वास आला की तिला ते आपलंच वाटतं. ती सोडणार नाही."

"घेऊन जाईल?"

"अजून तरी पाजतेय," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच मी बाळीला घेऊन माहेरी गेले. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळे म्हणाले होते, सासूशी भांडून गेली. भांडण नव्हतं. माहेर डोंगरावर, पाणी नळाचं, तेही एक दिवसाआड. मी बाळीला तीनदा साबणाने आंघोळ घातली. तिने माझं घेतलं नाही. आईने वाटी-चमच्याने पाजून बघितलं, तेही बाहेर. रडायची मात्र, आणि वेळ ठरलेली. रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा. आईला कळेना. मला कळत होतं. दवाखान्यात नेलं, नळी घातली, सलाइन लावलं. नवव्या दिवशी तिथल्या काट्यावर ती सहाशे ग्रॅमने उतरली होती. टाळू खड्ड्यासारखी झाली होती. श्वास अठ्ठावन्न.

तुमचे दादा आले होते. म्हणाले, "शहरात नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू."

मी म्हटलं, "घरी नेऊ."

फेरीबोटीवर बसलो तेव्हा बाळीने मान टाकली होती. बोट पाण्याच्या मध्यावर आली आणि तिने डोळे उघडले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी आत गेले, पट्टी बघून बाटली घेतली. पट्टीवर लिहिलं होतं आई, आणि मला आता माहीत होतं की आत पिल्लू आहे. बाळीच्या छातीला ते चोळलं. पाळण्यात ठेवलं. मग मागच्या दाराची कडी मी माझ्या हाताने काढली. तिला कडीची अडचण नव्हती, तरी काढली. पाहुण्याला बंद दार बरं दिसत नाही.

"पोर जगू दे," सासूबाई पुढच्या खोलीतून म्हणाल्या. "कुणाचं पिऊन का असेना."

जगली. तुम्ही बारशाच्या वेळी बघितलेलं मूल आणि आत्ताचं, ओळखणार नाही. कार्डावरची टिंबं हिरव्यात गेली. सिस्टरने इतर बायकांना माझं उदाहरण दिलं. मी मान खाली घालून बसले, त्यांना वाटलं लाजतेय. आता बाळी दीड वर्षाची आहे, चार दात वर, चार खाली. वरचं सगळं खाते. गेल्या पावसाळ्यात मी तिला तेल लावणं थांबवलं, रोज थोडं थोडं कमी करत. हळूहळू फरशी कोरडी राहायला लागली. शेवटच्या दिवशी दाराबाहेर बराच वेळ श्वास ऐकू येत होता. आत आली नाही. मग तोही गेला. मी बसून होते. वाईट वाटतं का ते बघत होते.

तेव्हा तुम्ही म्हणाल, मग आता बाटल्या कशाला हव्यात? कोणती कुणाची तेही कळलंय. पट्ट्या बदल आणि पाठव.

पिल्लाची संपली, वन्सं. दुसरी आहे. आईची, दोन गाठींची. तळाशी दोन बोटं उरलंय. ती तुमच्या बाळाच्या छातीला चालली असती. पण ती मला लागते.

तुम्हाला आठवतंय, मी काय चूक केली? पिल्लाचं तेल बाळीला लागलं. मग आईचं कुणाला लागलं, हे कुणी विचारलंच नाही. सासूबाईंनी नाही, मीही नाही. सगळे बाळीकडेच बघत होते. माझा पान्हा फुटला होता आणि प्यायला कुणी नव्हतं. पहिले आठ दिवस मी मोरीत पिळून टाकायचे. मग पिळायची गरज पडेनाशी झाली. मी सगळ्यांना सांगितलं, आटलं.

आटलं नाही. अजूनही नाही.

झालं असं की भरतीच्या वेळी मी मागच्या पायऱ्यांवर दुपटी धुवायला बसायचे, पाय पाण्यात सोडून. एकदा गुडघ्याला काहीतरी लागलं. मऊ, गार, आखूड राठ केसांचं थोबाड. ढुशी दिली, थांबलं, पुन्हा दिली. पाणी गढूळ होतं, दिसलं काही नाही. ब्लाऊज भिजला. मी एक पायरी खाली उतरले.

बाळी झाल्यापासून आत जो कापूस होता, तो त्या वेळी नसतो. तेवढा वेळ मला सगळं ऐकू येतं. पाणी, कावळे, सासूबाईंचं खोकणं, सगळं जवळून. म्हणून मी तेल लावते. एक थेंब, रोज. पुरवून पुरवून.

रागावू नका. तुमचं बाळ धडधाकट होईल. छाती भरली तर डॉक्टरीणबाईंना दाखवा, त्यांचं औषध चांगलं असतं.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही खिडकीत बसून बघितलं होतंत, म्हणून विचारते. मामंजी पिल्लाला कसल्या दोराने बांधायचे? कारण परवा ओहोटीला मी खुंट बघितला, तर त्याला दोर होता. आपल्या घरातला नाही, तुमच्या दादांनाही विचारलं. ओला, नवाकोरा, आणि खालचं टोक चिखलात गेलेलं. ओढून बघितलं, तर पलीकडून कुणीतरी ओढलं. हलकंच.

पिल्लू आता वर येत नाही. खालीच थांबतं. पायऱ्या नऊ आहेत. दोर दिसल्यानंतरच्या पहिल्या भरतीला मी वरून तिसरीवर होते. काल सातवीवर, पाणी हनुवटीला. आज भरती साडेचारची आहे. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत, ब्लाऊज भिजलाय, म्हणून इथेच थांबवते.

बाळी खिडकीत बसली आहे. हातातलं बिस्कीट खात नाहीये. बघतेय.

तुमची,
वहिनी